वस्तादांचा डावा कान

या अंकाच्या संपादकांनी लेखाबरोबर माझे छायाचित्रही मागवले आणि सौजन्याने कळवले की, ‘शक्य झाल्यास जरा प्रसन्न पाठवावे.’ प्रसन्न म्हणजे काय, हे मला चांगले कळते. उभ्या आयुष्यात मी दुसरे काही विकलेलेच नाही. प्रसन्न म्हणजे डोळ्यांखालच्या पिशव्या रिकाम्या केलेले, गळ्याची सैल कातडी आवळलेले आणि कपाळावरच्या आठ्या पुसलेले छायाचित्र. थोडक्यात, ज्याला जगण्याचा काहीही अनुभव आलेला नाही, अशा माणसाचे. अशा माणसाने अनुभवकथन लिहावे, ही कल्पना मोहक आहे. तरीही मी पाठवलेले छायाचित्र खिडकीच्या तिरप्या उजेडात काढलेले आहे. कुणी दचकल्यास पान उलटावे. माझी हरकत नाही.

कोल्हापूरच्या एका पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढणे हा आमच्या धंद्यातला किरकोळ भाग. खरे काम त्यानंतरचे, रिटचिंगचे. ज्यांनी फिल्मचा काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होऊन उमटते. उतरत्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड सोडायचा, सुईसारखे टोक काढलेली कडक पेन्सिल घ्यायची आणि ती पारदर्शक रेघ बारीक बारीक ठिपक्यांनी भरून काढायची. रेघ भरली की छापलेल्या फोटोतून सुरकुती नाहीशी. माणसाने साठ वर्षे खपून मिळवलेली गोष्ट मी चहा निवायच्या आत काढून टाकत असे. या हातचलाखीला आम्ही कला म्हणत असू आणि आमच्या विनयाला तेवढेच शोभत असे.

ज्यांच्याकडे मी हे शिकलो त्या स्टुडिओच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची शिकवण एका वाक्याची होती : “गिऱ्हाईक आहे तसं दाखवलंस, तर ते दुसऱ्यांदा येणार नाही.” मी ही शिकवण इतक्या निष्ठेने पाळली, की आज या शहरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर हार घालून बसलेली मंडळी त्यांच्या स्वतःच्याही ओळखीची राहिलेली नाहीत.

पेठ वडगावच्या एका घरचे उदाहरण देतो. घरातली आजी गेली. मुलगा तिचा एकुलता एक फोटो घेऊन आला आणि म्हणाला, “आईनं लई हाल काढल्यात. निदान फोटूत तरी सुखी दिसू दे.” मातृभक्ती पाहून माझे मन हेलावले. मी तिच्या चेहऱ्यावरचे सगळे हाल निगुतीने काढले. गालाचे खड्डे भरले, देवीचे वण मिटवले, खाली लोंबणारी कानाची पाळी वर उचलली. बाराव्याला चंदगडकडचे नातेवाईक आले. बाहेर पाऊस, आत अंधार आणि पाटावर माझी कलाकृती. त्यांतल्या एका वृद्ध बाईंनी फोटोकडे पाहून हंबरडा फोडला, “अगं, सून गेली आन् मला सांगितलं सासू गेली म्हणून!” चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली. हा प्रसंग मुलाने मला पुढे मोठ्या कौतुकाने सांगितला आणि मीही तो कौतुकानेच ऐकला. आपले काम फत्ते झाल्याची याहून मोठी पावती कोणती असणार?

मग संगणक आला. पेन्सिलीने अख्ख्या चेहऱ्यावर ज्याला तासभर लागे ते बोटाच्या एका टिचकीने होऊ लागले. पुढे मोबाईल आला आणि टिचकीचीही गरज उरली नाही. आता फोन माणसाला न विचारताच देखणा करून सोडतो. आमच्या चौकातले वाढदिवसाचे फलक पाहावेत. त्यावरचे नेते, कार्यकर्ते, शुभेच्छुक आणि शुभेच्छुकांचे शुभेच्छुक एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारखे दिसतात. सामाजिक एकतेचे इतके मूर्त स्वरूप अन्यत्र सापडणे कठीण.

अलीकडे लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी येतात. त्यांना पार्श्वभूमीला पोपडे उडालेली भिंत लागते. गिलावा जितका ढासळलेला, विटा जितक्या उघड्या, शेवाळ जितके हिरवे, तितका त्यांचा जीव भिंतीत गुंततो. एका नियोजित वधूने मला बजावले, “सर, भिंतीचं टेक्स्चर अजिबात घालवू नका हं. फक्त माझ्या गालावरचा तीळ काढा.” शेवाळाला अभय आणि तिळाला देहदंड! आणखी एका वराला आपला फोटो जुना, पिवळट, भेगाळलेला हवा होता. गंमत अशी, की त्याच दिवशी सकाळी मी त्याच्याच आजोबांच्या फोटोवरच्या भेगा बुजवल्या होत्या. सकाळी आजोबांच्या बुजवायच्या आणि दुपारी नातवाला पाडायच्या. धंदा म्हणून हे सोयीचे होते, भेगा घरातल्या घरात राहिल्या.

हे सगळे मी वरच्या मजल्यावरून हसल्यासारखे लिहीत आहे, याची मला जाणीव आहे. तसा अधिकार मला नाही. म्हणून आता म्हादू वस्तादांविषयी सांगतो.

म्हादू वस्ताद आमच्या भागातल्या एका तालमीचे वस्ताद. ऐंशी ओलांडलेले, पण पाठ ताठ. पहाटे हौद्याच्या काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि तांबड्या मातीत चाललेल्या कुस्त्यांकडे पाहून शिव्या द्यायचे. त्यांनी ज्यांना शिव्या देणे सोडले, त्यांनी कुस्ती सोडली, असा लौकिक होता. तालमीचे अध्यक्ष रणजितदादा हे त्यांचेच शिष्य. एके काळी अंगाने पैलवान होते, आता मनाने नगरसेवक आहेत; निवडणूक तेवढी व्हायची राहिली आहे. तालमीच्या भिंतीवर पूर्वीच्या वस्तादांच्या तसबिरी आहेत. नव्या पोराने हौद्यात उतरण्यापूर्वी त्यांच्यासमोर वाकायचे, हा तिथला रिवाज. म्हादू वस्तादांची तसबीर त्यांच्या हयातीतच लावायची, असे रणजितदादांनी ठरवले, आणि अनावरणाला एक मोठे पाहुणेही ठरवले. ठरवण्याचा क्रम बहुधा उलटा असावा.

वस्ताद फोटोसाठी स्टुडिओत आले. मी नेहमीप्रमाणे समोरून दोन दिवे लावले. समोरचा प्रकाश हा रिटचरचा मित्र. तो खाचाखोचा आधीच भरून ठेवतो. फोटो काढून वस्तादांना रिक्षात बसवल्यावर रणजितदादा मागे राहिले आणि हळूच म्हणाले, “दादा, जरा देखणं करा की. पावणं मोठं येणार हाईत. म्हातारं लई खडबडीत दिसतंय.”

मी देखणे केले. सुरकुत्या काढल्या. मोडलेले नाक सरळ केले. आणि मग कानांकडे वळलो.

पैलवानाचे कान ज्यांनी जवळून पाहिलेले नाहीत त्यांना सांगायला हवे. कुस्तीत डोक्याला डोके लागते, मान दाबली जाते, कान रगडला जातो. आत रक्त साकळते, घट्ट होते, आणि कानाचा मूळ आकार जाऊन तिथे एक गाठाळ गोळा उरतो. वस्तादांचे दोन्ही कान असेच मोडलेले होते. डावा तर इतका, की त्यात कानाचे भोक शोधावे लागे. ती मला बिघडलेली जागा वाटली. बिघडलेल्या जागेवर औषध काय, हे मला ठाऊक होते. माझ्या संग्रहात चांगल्या कानांची एक जोडी होती, एका बँक अधिकाऱ्याच्या फोटोतली. ती मी वस्तादांना बसवली. रंग जुळवला, सावली जुळवली. सांधा कुठे आहे हे मलाही सापडेना. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

अनावरणाच्या आदल्या दिवशी दुपारी तसबीर तालमीत पोचवली. चौकात त्याच फोटोचा भला मोठा फलक आधीच लागला होता. तसबिरीवरचा कागद काढला. रणजितदादा म्हणाले, “एक नंबर!” पोरे गोळा झाली. वस्ताद खुर्चीतून उठले, जवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“ह्यो पावणा कोण?” त्यांनी विचारले.

पोरे हसली. वस्ताद कधी विनोद करत नसत, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

“वस्ताद, तुम्हीच की ओ,” रणजितदादा म्हणाले.

“मी? आन् हे कान कुणाचं?”

मी घसा साफ करून म्हणालो, “वस्ताद, ते जरा... नीट केलेत.”

“नीट? काय वाकडं हुतं?” ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक भीती वाटली. “अवो फोटूवाले, ह्या कानानं मी कुस्ती केलीय का कारकुनी? उद्या ही पोरं ह्येच्याफुडं वाकणार. मातीत कधी पाय घातला न्हाय, त्येच्या कानाफुडं!”

रणजितदादांनी मध्यस्थी केली. “वस्ताद, फोटूत असंच असतंय. उद्या कार्यक्रम हाय. पावणं येणार. एवढ्या-तेवढ्याला काय हुतंय?”

“एवढं-तेवढं?” वस्ताद खाली बसले. मग हाताने आपला डावा कान चाचपत म्हणाले, “उजव्या कानाचं मी बोलत न्हाय. उजवा बेळगावकडच्या एका गड्यानं मोडला, त्येचं नावबी इसरलो. ह्यो डावा मात्र धोंडूचा हाय.”

धोंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. हे त्या तालमीत कुणालाच ठाऊक नव्हते, रणजितदादांनाही नाही.

“दोघं संगं जोर करायचो ह्याच हौद्यात,” वस्ताद सांगू लागले. “त्येला एक डाव बसत नव्हता. म्हटलं, माझ्यावर घाल, घाल पुन्ना. रोज पहाटं तेच. त्येच्या कोपराखाली ह्यो कान गेला. आई म्हणाली, सख्ख्या भावाचा कान मोडतोस व्हय रं, मुडद्या! दोन दिस जेवला न्हाई बिचारा. पुढल्या पावसाळ्यात तापानं गेला. लगीन न्हाय, पोर न्हाय, फोटू न्हाय. आमच्यात तवा फोटू म्हशीचा न्हवता, मानसाचा कुठनं असंल? त्यो गेल्यावर त्येचं म्हणून एवढंच ऱ्हायलं.” त्यांनी कान चिमटीत धरला. “आता भितीवर जायचं तर म्हटलं, माझ्यासंगं त्योबी जाईल. नाक सरळ करा, मला दात लावा, मिशी काळी करा, तोंड उघडणार न्हाय. पर ह्यो कान माझा न्हाय, फोटूवाले. त्यो तुमाला द्यायला माझा न्हाय.”

मग वस्ताद रणजितदादांना म्हणाले, “ह्यो फोटू लावला, तर उद्या मी येणार न्हाय. त्या पावण्याचाच सत्कार करा.” आणि त्यांनी तसबिरीकडे बोट केले.

सत्कारमूर्तीशिवाय सत्कार ही आपल्याकडे अगदीच अपूर्व गोष्ट नाही. पण रणजितदादांचा चेहरा पडला. त्यांनी मला कोपऱ्यात घेतले. “दादा, मूळ फोटू हाय न्हवं? त्योच छापा झटदिशी.”

इथे माझ्या व्यावसायिक शिस्तीचा उल्लेख करणे भाग आहे. मूळ फोटो जपून ठेवण्याची माझी पद्धतच नव्हती. सुधारलेली प्रत हाती असताना बिघडलेली कशाला ठेवायची? वस्तादांचा मूळ फोटो मी बँक अधिकाऱ्याचे कान बसवल्यावर निश्चिंत मनाने पुसून टाकला होता. आणि तो असता तरी उपयोग नव्हता. समोरच्या दोन दिव्यांनी त्या कानाचा आधीच सपाट ठिपका केला होता. म्हणजे मी धोंडूला दोनदा पुसले होते : एकदा प्रकाशाने आणि एकदा संगणकाने.

“वस्ताद, पुन्हा काढतो. आत्ता, इथेच,” मी म्हणालो. माझा आवाज मुळातच लहान. तो त्यांना ऐकू गेला की नाही, कोण जाणे. पण ते उठून गेले नाहीत.

तालमीत दिवे लावण्याची सोय नव्हती. उन्हे कलली होती आणि पश्चिमेच्या दारातून उजेडाचा एक तिरपा पट्टा हौद्याच्या मातीवर पडला होता. मी वस्तादांची खुर्ची त्या पट्ट्याच्या काठावर नेली. त्यांचा डावा कान दाराकडे केला, तोंड किंचित माझ्याकडे. कडेचा प्रकाश रिटचरचा वैरी असतो. तो काही लपवत नाही. केसाएवढ्या खाचेचीही सावली पाडतो. त्यामुळे मी त्याला आजवर जाणीवपूर्वक टाळत आलो होतो.

मी कॅमेऱ्यातून पाहिले आणि थांबलो. इतकी वर्षे मी चेहरे पाहत आलो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी फक्त दुरुस्त्या पाहत होतो. त्या पट्ट्यात कपाळावरच्या आठ्या एकामागून एक उजळल्या. नाकाचे मोडलेले हाड आपल्या जागी मोडून बसले. आणि तो कान! गुळाची ढेप फोडल्यावर तिची फुटलेली कड जशी दिसते, कुठे चकाकते, कुठे खोल काळी होते, तसा तो दिसत होता. त्यातली कुठलीच कड दुसरीसारखी नव्हती. कोपर कुठे दाबले गेले असेल, तो खळगादेखील कळत होता. असे काही मला घडवायला सांगितले असते, तर जन्मभर पेन्सिल चालवून जमले नसते; आणि पुसायला मात्र मला एक टिचकी पुरली होती. मागे पुसलेल्या कितीतरी खळग्यांची त्या क्षणी आठवण झाली. वडगावच्या आजीच्या लोंबत्या पाळीचीही झाली. तिला ओढणारे कर्णफूल कुणी दिले होते, हे मी विचारले नव्हते.

“काढताय का नुसतं बघताय?” वस्ताद ओरडले. “ऊन चाललं की!”

मी काढला. रात्रीतून छापून घेतला आणि एकाही ठिपक्याला हात लावला नाही. वाचकांना हे त्यागाचे वाटणार नाही. पण कपाळावरचा एक डाग मला पहाटेपर्यंत हाका मारत होता.

सकाळी पाहुण्यांनी पडदा बाजूला केला. रणजितदादांनी मान खाली घातली होती, मीही घातली होती. पाहुणे तसबिरीकडे न पाहताच तिच्यावरील तेजाविषयी बोलू लागले. वस्ताद मात्र खुर्चीतून उठले, तसबिरीजवळ गेले आणि चेहऱ्याकडे न पाहता थेट कानाकडे पाहिले. बोट काचेवर टेकवले. मग मागे वळून, भाषण चालू असतानाच, मला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता दोघंबी आलो.”

पाहुण्यांना वाटले, वस्ताद आपल्याविषयी बोलत आहेत. त्यांनी हात जोडले.

चौकातला फलक मात्र बदलला गेला नाही. तो छापून झाला होता, आणि रणजितदादांचा स्वतःचा फोटो त्यावर वस्तादांपेक्षा ठळक असल्यामुळे तो चुकला आहे, असे त्यांना वाटत नव्हते. काही दिवस तालमीच्या आत एक म्हादू वस्ताद होते आणि बाहेर दुसरे. नंतर फलक उतरला आणि मी त्याला विसरून गेलो. स्टुडिओत मी एक नवी सवय लावून घेतली. फोटोतले काही काढण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारायचे, हे कशाचे आहे? काही जण सांगत बसतात, काही रडतात. बरेच जण मात्र शेजारच्या दुकानात जातात. तिथे असले काही विचारत नाहीत आणि काम लगेच मिळते. अण्णांचे ते एक वाक्य खरे होते, हे मला आता रोज पटते.

पावसाळ्यात वस्ताद मुलीकडे, वडगावजवळच्या वस्तीवर राहायला जातात. यंदा मी त्यांच्यासाठी त्या फोटोची लहान प्रत घेऊन गेलो. त्यांची मुलगी सुशीलाअक्का म्हशीच्या गोठ्यात होती. “आबा हितंच हाईत, या की आत,” ती म्हणाली. गोठ्याच्या उघड्या बाजूला पावसाची झड अडवायला काहीतरी बांधले होते. आत जाऊन पाहिले, तर तो चौकातला फलक. अक्काच्या नवऱ्याने तो कार्यक्रमानंतर मागून आणला होता. गोठ्याला इतका जाड प्लॅस्टिकचा कागद विकत घ्यायचा म्हणजे पैसे पडतात. रणजितदादांचा भाग कापून पलीकडच्या कडब्यावर घातला होता. या बाजूला फक्त वस्ताद होते. म्हणजे माझे, गुळगुळीत, बँकेचे कान लावलेले वस्ताद.

पण ते तसे उरले नव्हते. उन्हाने त्यांचा रंग उडाला होता. घड्यांवर शाई तडकून कपाळभर आडव्या भेगा गेल्या होत्या. म्हशीने अंग घासून घासून एका गालाचा तुकतुकीतपणा घालवला होता. एका बाजूला कागद फाटायला लागला म्हणून अक्काच्या नवऱ्याने त्या जागी मागून एक खडा घातला होता आणि पुढून सुतळीने गच्च आवळून दोर खांबाला बांधला होता. ती जागा नेमकी डाव्या कानाची होती. बँक अधिकाऱ्याचा देखणा कान चुरगळून, सुतळीच्या फासात एक गाठाळ गोळा होऊन बसला होता. दारातून तिरपा उजेड त्याच्यावर पडला होता.

वस्ताद बाजेवर बसून चहा पीत होते. माझी नजर कुठे गेली आहे, हे त्यांनी पाहिले. मग फलकाकडे मान वळवून, हौद्यातल्या नवख्या पोराकडे पाहावे तसे त्या चेहऱ्याकडे पाहिले.

“बघा की फोटूवाले,” ते म्हणाले, “आता कुठं वळणावर यायला लागलंय तुमचं ते पावणं.”